मोसंबी बागेसाठी ठिबकचा रोजचा संदेश : कोडशिवायच्या वर्कफ्लोमध्ये मूल्ये कशी ठेवावीत, कशी वापरावीत

करमाड परिसरात मोसंबी व डाळिंबाच्या बागा प्रामुख्याने विहीर, बोअर आणि शेततळ्यावर आहेत. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी मोजूनच द्यावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या, हे इथल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आज अनेक शेतकरी गट आणि विस्तार कर्मचारी मोबाइल किंवा संगणकावर कोड न लिहिता वर्कफ्लो तयार करतात. सकाळी हवामानाची नोंद घ्यायची, हिशेब करायचा आणि ‘आज जुन्या बागेचा व्हॉल्व्ह इतकी मिनिटे चालवा’ असा संदेश सभासदांना पाठवायचा, असे हे काम. काही ठिकाणी हाच वर्कफ्लो थेट ठिबकच्या कंट्रोलरला आदेश देतो. चौकटी जोडणे सोपे असते. चुका होतात त्या चौकटींत भरलेल्या मूल्यांमध्ये. एक चुकीची तारीख किंवा एक रिकामा रकाना बागेला आठवडाभर पाण्याविना ठेवू शकतो. म्हणून मूल्य कसे ठेवावे, कोठे वापरावे आणि कसे तपासावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

मूल्य म्हणजे काय?

वर्कफ्लोमध्ये एखाद्या माहितीला नाव देऊन ती जपून ठेवली की पुढच्या कोणत्याही पायरीत त्या नावाने ती वापरता येते. यालाच बिल्डरमध्ये व्हेरिएबल म्हणतात. गोदामातील डब्यावर चिठ्ठी लावावी तसे हे आहे. डब्यातील माल बदलतो, चिठ्ठी तीच राहते.

प्रत्येक बिल्डरमध्ये ही सोय वेगळ्या नावाने असते. पॉवर ऑटोमेटमध्ये मूल्य प्रथम तयार करण्याची ‘इनिशिअलाइज व्हेरिएबल’ आणि नंतर बदलण्याची ‘सेट व्हेरिएबल’ अशा दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. मेकमध्ये ‘सेट व्हेरिएबल’ व ‘गेट व्हेरिएबल’ आहेत. एन-एट-एनमध्ये ‘एडिट फील्ड्स’ आणि नोड-रेडमध्ये ‘चेंज’ नोड हे काम करतात. नाव कोणतेही असो, खालील तत्त्वे सगळीकडे लागू पडतात.

आधी मूल्यांची यादी करावी

बिल्डर उघडण्यापूर्वी कागदावर तीन गट करावेत.

१) स्थिर मूल्ये : वर्षातून एकदा किंवा हंगामातून एकदा बदलणारी.
- झाडांतील अंतर : ६ × ६ मीटर
- एकरी झाडे : ११२
- झाडाच्या छायेचा व्यास : ४.५ मीटर
- प्रति झाड ड्रीपर : ४
- ड्रीपरचा प्रवाह : ताशी ८ लिटर
- ठिबकची कार्यक्षमता : ०.९
- पात्र गुणांक : ०.७
- पीक गुणांक : ०.७

२) रोज बदलणारी मूल्ये :
- बाष्पीभवन, मिलिमीटरमध्ये
- मागील २४ तासांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये
- आज वीज किती तास मिळणार

३) हिशेबातून निघणारी मूल्ये :
- प्रति झाड पाण्याची गरज, लिटरमध्ये
- व्हॉल्व्ह चालवण्याची मिनिटे
- जमिनीतील ओलाव्याची शिल्लक

तिसऱ्या गटातील मूल्य कधीही हाताने भरू नये. एकदा हाताने ‘१६० मिनिटे’ भरले की बाष्पीभवन वाढले तरी संदेश १६० मिनिटांचाच जातो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

वरील आकडे पूर्ण वाढलेल्या बागेचे उदाहरण आहे. आपल्या बागेतील छायेचा व्यास दुपारी बाराच्या सुमारास टेपने मोजावा. पाच-सहा झाडे मोजून सरासरी घ्यावी.

हिशेब कसा बांधावा?

एकच मोठे सूत्र एका चौकटीत लिहू नये. प्रत्येक पायरीचे उत्तर वेगळ्या नावाने ठेवावे, म्हणजे चूक कोठे झाली ते लगेच दिसते. बाष्पीभवन १० मिमी असलेल्या उन्हाळ्यातील दिवसाचे उदाहरण पाहू.

पायरी १ : रोजची गरज (मिमी) = बाष्पीभवन × पात्र गुणांक × पीक गुणांक
१० × ०.७ × ०.७ = ४.९ मिमी

पायरी २ : छायाक्षेत्र = ०.७८५ × व्यास × व्यास
०.७८५ × ४.५ × ४.५ = १५.९ चौरस मीटर

पायरी ३ : प्रति झाड पाणी = रोजची गरज × छायाक्षेत्र ÷ कार्यक्षमता
४.९ × १५.९ ÷ ०.९ = ८६.६ लिटर

पायरी ४ : प्रति झाड ताशी प्रवाह = ड्रीपरची संख्या × ड्रीपरचा प्रवाह
४ × ८ = ३२ लिटर

पायरी ५ : मिनिटे = प्रति झाड पाणी ÷ ताशी प्रवाह × ६०
८६.६ ÷ ३२ × ६० = १६२ मिनिटे, म्हणजे २ तास ४२ मिनिटे

येथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या मूल्याचा वापर पाचव्या पायरीत करायचा ते त्याआधीच्या पायरीत भरलेले असले पाहिजे. चौकटी ओढून मागे-पुढे केल्यास वर्कफ्लो कालचे किंवा रिकामे मूल्य उचलतो. उत्तर येते, पण ते चुकीचे असते.

डब्यावरचा आकडा नव्हे, बागेतील आकडा

ड्रीपरचा प्रवाह ८ लिटर हे कंपनीचे माप झाले. क्षार, शेवाळ किंवा कमी दाबामुळे प्रत्यक्ष प्रवाह घटतो. समजा तो ६.८ लिटर आहे. मग ताशी ३२ ऐवजी २७.२ लिटरच पडतात आणि १६२ मिनिटांत झाडाला ८६.६ ऐवजी सुमारे ७३.४ लिटर मिळतात. रोज १३ लिटरची तूट म्हणजे आठवड्याला एका पूर्ण दिवसापेक्षा जास्त पाणी कमी. वर्कफ्लोचा संदेश मात्र रोज वेळेवर येत राहतो, त्यामुळे फळगळ झाली की शेतकरी कारण दुसरीकडे शोधतो.

उपाय सोपा आहे. लॅटरलच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या ड्रीपरखाली भांडे ठेवून ६ मिनिटांचे पाणी मोजावे. आलेल्या मिलिलिटरला १० ने गुणले की ताशी प्रवाह मिळतो. ६८० मिलिलिटर आले तर प्रवाह ताशी ६.८ लिटर. सरासरी काढून हेच मूल्य भरावे. आम्ल प्रक्रिया किंवा फिल्टरची सफाई झाल्यावर पुन्हा मोजून मूल्य बदलावे. सुरुवातीच्या व शेवटच्या ड्रीपरमध्ये मोठा फरक असेल, तर आकडा बदलण्याआधी दाबाची अडचण दूर करावी.

मूल्याचा प्रकार ठरवावा

मूल्य संख्या आहे, मजकूर आहे, तारीख आहे की हो/नाही आहे, हे बिल्डरला सांगावे लागते. नेमक्या चुका येथे होतात.

संख्या : ‘४.५ मीटर’ असे एकत्र लिहिल्यास तो मजकूर होतो आणि गुणाकार अडतो. रकान्यात फक्त आकडा भरावा, एकक मूल्याच्या नावात लिहावे. उदा. ‘छायाव्यास_मीटर’. देवनागरी आकडे अनेक बिल्डर मजकूर समजतात, म्हणून भरताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्यावा. संदेशात मात्र मराठी शब्द व मराठी वाक्य जरूर ठेवावे.

टक्केवारी : युरियात ४६ टक्के नत्र असते. सूत्रात ०.४६ हवे की ४६, हे आधी ठरवावे. उदाहरणापुरते, ११२ झाडांना प्रत्येकी १०० ग्रॅम नत्र द्यायचे असेल तर ११.२ किलो नत्र लागते. ११.२ ÷ ०.४६ = २४.३ किलो युरिया. ०.४६ च्या जागी ४६ भरले तर उत्तर २४३ ग्रॅम येते. उलट दिशेने चूक झाली तर खताची मात्रा शंभरपट होते.

तारीख : आंबे बहरासाठी ताण संपवण्याची तारीख ५ जानेवारी असेल आणि ती ५/१ अशी लिहिली, तर महिना आधी वाचणारा बिल्डर तिला १ मे समजतो. म्हणजे थंडी संपून उन्हाळा लागला तरी बाग ताणावरच राहील. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने भरावी आणि संदेशात महिन्याचे नाव अक्षरात छापावे : ‘ताण समाप्ती ५ जानेवारी’. वाचणाऱ्याला चूक लगेच कळते.

हो/नाही : ‘ताण चालू’ हे मूल्य मजकूर म्हणून ठेवले तर कोणी ‘हो’ लिहितो, कोणी ‘होय’, कोणी शब्दामागे रिकामी जागा सोडतो. अट फक्त ‘हो’ ओळखते. परिणामी ताणावरील बागेला पाणी सुटते आणि बहर फिसकटतो. यासाठी टिक करायचा रकाना किंवा निवडीची यादी द्यावी, लिहायला लावू नये.

रिकामे म्हणजे शून्य नव्हे

पावसाची नोंद ‘०’ असणे आणि नोंदच न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महावेध प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. तेथून पाऊस, तापमान, आर्द्रता व वाऱ्याची माहिती मिळते. पण कोणत्याही केंद्राची नोंद एखाद्या दिवशी उशिरा येऊ शकते किंवा अजिबात येत नाही. अनेक बिल्डर रिकाम्या जागी शून्य धरतात.

बाष्पीभवन शून्य धरले गेले तर गरज शून्य, मिनिटेही शून्य. मे महिन्यात असे तीन दिवस झाले तर हलक्या जमिनीतील फळांवर त्याचा परिणाम दिसू लागतो. म्हणून प्रत्येक बाहेरून येणाऱ्या मूल्यानंतर लगेच एक तपासणी ठेवावी.

- मूल्य रिकामे असेल तर कालचे मूल्य वापरावे.
- सलग तीन दिवस रिकामे असेल तर त्या महिन्याचे ठरवून ठेवलेले मूल्य वापरावे.
- दोन्ही वेळी संदेशात ‘आजची नोंद मिळाली नाही, अंदाजे आकडा वापरला आहे’ हे वाक्य जोडावे.
- बाष्पीभवन १ पेक्षा कमी किंवा १६ पेक्षा जास्त आले तर संदेश सभासदांना न पाठवता तो आधी गटाच्या जबाबदार व्यक्तीकडे पाठवावा.

महिन्याचे ठरवलेले मूल्य घेण्यासाठी आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्राकडे विचारणा करावी. ग्रामीण कृषी मौसम सेवेची सल्ला पत्रके दर मंगळवारी व शुक्रवारी येतात. मराठवाड्यासाठी ती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून प्रसिद्ध होतात. पुढील पाच दिवसांचा अंदाज भरण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

पुढच्या दिवशी नेले जाणारे मूल्य : ओलाव्याची शिल्लक

पाऊस पडला की ठिबक किती दिवस बंद ठेवायचे, हे ठरवण्यासाठी एक मूल्य दिवसामागून दिवस पुढे न्यावे लागते.

आजची शिल्लक = कालची शिल्लक + पाऊस − रोजची गरज

शिल्लक शून्यापेक्षा खाली गेली तर शून्य धरावी. जमीन जेवढे पाणी धरू शकते त्यापेक्षा जास्त झाली तर तेथे थांबवावी. उदाहरणात ही कमाल मर्यादा ३० मिमी घेतली आहे. मुरमाड जमिनीत ती कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त ठेवावी. जोराच्या पावसाचे वाहून गेलेले पाणी या मर्यादेमुळे हिशेबात येत नाही. ३ मिमीपेक्षा कमी पाऊस शून्य धरावा, कारण तो पानावर व वरच्या थरातच सुकतो.

रोजची गरज ४.९ मिमी असताना २५ मिमी पाऊस झाला, तर शिल्लक अशी उतरते : पहिला दिवस २०.१, दुसरा १५.२, तिसरा १०.३, चौथा ५.४, पाचवा ०.५. सहाव्या दिवशी शून्य आणि ठिबक पुन्हा सुरू. पावसानंतर ढगाळ हवामान राहिले तर बाष्पीभवन कमी होते आणि ठिबक आणखी उशिरा सुरू होईल. ते बरोबरच आहे.

या मूल्याबाबत एक धोका आहे. वर्कफ्लो दिवसातून दोनदा चालला तर पाऊस दोनदा जमा होतो. २५ चे ५० होतात. कोणी तपासण्यासाठी मध्येच बटण दाबले तरी असे घडते. यासाठी ‘शेवटची नोंद तारीख’ हे आणखी एक मूल्य ठेवावे. पहिल्याच पायरीत ते आजच्या तारखेशी जुळले तर वर्कफ्लो तेथेच थांबवावा. तसेच हे मूल्य वर्कफ्लो संपल्यावर पुसले जाते की टिकते, हे पाहावे. पॉवर ऑटोमेटमधील व्हेरिएबल त्या फेरीपुरतेच असते. असे असेल तर शिल्लक एखाद्या शीटमध्ये लिहून दुसऱ्या दिवशी तेथून वाचावी.

एकापेक्षा जास्त प्लॉट असतील तर

समजा जुनी बाग व तीन वर्षांची नवीन बाग, असे दोन प्लॉट आहेत. नवीन बागेचा छायाव्यास २ मीटर, प्रति झाड ४ लिटरचे २ ड्रीपर. त्याच दिवशी तिची गरज १७.१ लिटर व वेळ १२८ मिनिटे येते.

आता वर्कफ्लो एकामागून एक प्लॉट घेतो. नवीन बागेचा छायाव्यासाचा रकाना रिकामा राहिला तर मागच्या फेरीतील ४.५ तसाच राहू शकतो. मग नवीन बागेसाठी ६४९ मिनिटे, म्हणजे जवळपास ११ तास असे उत्तर येते. कंट्रोलरने ते पाळले तर लहान झाडांच्या बुंध्याशी पाणी साचते. मोसंबीत बुंध्याशी सतत ओल राहणे म्हणजे मूळकूज व डिंक्याला आमंत्रण.

- प्रत्येक प्लॉटची फेरी सुरू होताना त्या प्लॉटची सर्व मूल्ये आधी रिकामी करावीत, मग भरावीत.
- प्लॉटनिहाय मूल्ये (व्यास, ड्रीपर, ताण) शीटमध्ये एका ओळीत एक प्लॉट अशी ठेवावीत.
- सर्वांना समान मूल्ये (बाष्पीभवन, पाऊस, पात्र गुणांक) एकाच ठिकाणी ठेवावीत. पाच ठिकाणी ०.७ लिहू नये. बदलताना चारच ठिकाणी बदलले जाते.
- प्रत्येक व्हॉल्व्हला कमाल मिनिटांची मर्यादा ठेवावी. उदा. २४०. त्यापेक्षा जास्त आले तर व्हॉल्व्ह उघडू नये, फोन करावा.

विजेच्या तासांत बसते का?

शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने येते. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे. जुन्या बागेचे १६२ मिनिटांचे तीन व्हॉल्व्ह असतील तर ४८६ मिनिटे लागतात. ६ मिनिटे कमी पडतात. त्यात पाइपमध्ये दाब तयार होण्याचा वेळ आणि मधली वीज जाणे धरलेलेच नाही. शेवटचा व्हॉल्व्ह रोज अपुरा राहिला तर त्या कोपऱ्यातील झाडे मागे पडतात.

यासाठी ‘आज लागणारी एकूण मिनिटे’ आणि ‘आज मिळणारी मिनिटे’ ही दोन मूल्ये तुलना करावीत. बसत नसेल तर सर्व व्हॉल्व्हची मिनिटे सारख्या प्रमाणात कमी करावीत आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करावी. त्यासाठी ‘शेवटचा पूर्ण झालेला व्हॉल्व्ह’ हे मूल्य जपून ठेवावे. दिवसा वीज देणारा सौर पंप असेल तर ढगाळ दिवशी मिळणारी मिनिटे कमी धरावीत.

ताणाच्या काळातील मूल्ये

आंबे बहरासाठी ताण देताना पाण्याचा हिशेब बंद असतो, पण वर्कफ्लो बंद करू नये. बंद केलेला वर्कफ्लो वेळेवर सुरू करायचा राहून जातो. ‘ताण चालू’ ही अट सर्वांत आधी तपासावी आणि तेव्हा रोज एवढाच संदेश पाठवावा : ‘ताणाचा २१ वा दिवस. पाने पाहून कळवा.’

ताण कधी तोडायचा हे फक्त दिवस मोजून ठरत नाही. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. साधारण २५ टक्के पानगळ ही खूण बागेत जाऊनच पाहावी लागते. म्हणून ताण संपवणारे मूल्य नेहमी माणसाने बदलावे, वर्कफ्लोने नव्हे. ताण तोडल्यावर पूर्ण पाणी एकदम देऊ नये. आंबवणी-चिंबवणी करून टप्प्याटप्प्याने वाढवण्यासाठी ‘पाण्याचा टक्का’ असे एक मूल्य ठेवून अंतिम मिनिटांना त्याने गुणावे.

चालू करण्यापूर्वी तपासणी

खालील पाच नोंदी हाताने भरून उत्तर जुळते का ते पाहावे. या वेळी संदेश फक्त स्वतःच्या मोबाइलवर जाईल अशी व्यवस्था ठेवावी आणि व्हॉल्व्हचा आदेश तोडून ठेवावा.

१) बाष्पीभवन १०, पाऊस ०, शिल्लक ०, जुनी बाग : उत्तर १६२ मिनिटे.
२) तेच, नवीन बाग : उत्तर १२८ मिनिटे.
३) बाष्पीभवन १०, पाऊस २५, शिल्लक ० : ठिबक बंद, शिल्लक २०.१.
४) बाष्पीभवन रिकामे : कालच्या आकड्याने हिशेब आणि सूचनेचे वाक्य.
५) ताण चालू : मिनिटे शून्य आणि ताणाचा दिवस.

पाचही जुळल्यावर एक आठवडा संदेश व प्रत्यक्ष बाग दोन्ही ताडून पाहावे. झाडाखाली ३० सेंटिमीटर खोल माती उकरून मूठ वळावी. गोळा होऊन हाताला चिखल लागत असेल तर पाणी जास्त आहे. गोळाच होत नसेल तर कमी. मातीचे उत्तर व संदेशाचे उत्तर वेगळे असेल तर माती खरी धरावी आणि मूल्ये पुन्हा तपासावीत.

मूल्ये कधी बदलावीत?

- ड्रीपरचा प्रवाह : दर तीन महिन्यांनी व प्रत्येक सफाईनंतर.
- छायाव्यास : वर्षातून दोनदा, छाटणी केली असेल तर लगेच.
- पीक गुणांक : बहराच्या अवस्थेनुसार, तज्ज्ञांच्या सल्ल्याने.
- विजेचे तास : फिडरचे वेळापत्रक बदलेल तेव्हा.
- महिन्याचे पर्यायी बाष्पीभवन : दर महिन्याच्या १ तारखेला.

प्रत्येक बदलाची नोंद शीटच्या वेगळ्या पानावर ठेवावी : कोणते मूल्य, जुने किती, नवीन किती, कोणी बदलले, कोणत्या तारखेला. गटात मूल्ये बदलण्याचा अधिकार दोनच व्यक्तींकडे असावा, इतरांना फक्त पाहता यावीत. रोजच्या संदेशातही मिनिटांसोबत बाष्पीभवन, पाऊस आणि शिल्लक हे तीन आकडे छापावेत. ‘जुनी बाग १६२ मिनिटे. बाष्पीभवन १०, पाऊस ०, शिल्लक ०’ असा संदेश वाचला की रात्री शेतात पाऊस झालेला शेतकरी लगेच फोन करून चूक दाखवतो.